बंद दाराकडे रोखलेला कॅमेरा

अरे, काचेला नाकं टेकवू नका रे! संग्रहालयाच्या पहारेकऱ्यानं आत्ताच पुसलीये, आणि एक जरी डाग दिसला तरी दिवसभर त्याची बडबड मला ऐकावी लागते. जरा मागे सरका. बुटके पुढे, उंच मागे. हां, अस्सं. मित्रांनो, समोर हे काळं, बोजड, डोक्यावर दोन गोल कान फुटल्यासारखं जे धूड बसलंय ना, तो मी. सिनेमाचा कॅमेरा. तुमचे आजोबा अर्ध्या चड्डीत हिंडत होते, तेव्हा माझी उमेदीची वर्षं सरत आली होती, म्हणजे बघा.

आधी माझ्या डाव्या कुशीवरचा पोचा बघा. चांगला वाटीएवढा आहे. खालच्या पाटीवर लिहिलंय, 'वाहतुकीत झालेली हानी'. धादांत खोटं! मी काही गाडीतून पडलो नाही. मला दुधाच्या लोखंडी बादलीनं मारलंय, एका माणसानं, भर सकाळी. आणि तो फटका माझ्यासाठी नव्हताच. तो कुणासाठी होता, ते सांगायलाच मी तुम्हाला थांबवलंय. गोष्ट गोड नाही. पण तुम्ही आता कळते झालात, आणि या गोष्टीतली पोरगी तुमच्याच वयाची होती.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एक चष्मेवाल्या बाई दिवसभर वाकून माझ्या पोटात दातेरी चाकं बसवायच्या. त्यांचे हात इतके हलके, की स्क्रू कधी आवळला ते कळायचंसुद्धा नाही. मला खोक्यात घालताना त्यांनी भिंगावर फुंकर मारली आणि म्हणाल्या, "जा बाबा. नीट बघ म्हणजे झालं." मला वाटलं, हे काय सांगणं झालं? मी कॅमेरा! बघण्यातच माझा जन्म जायचा. माझ्याइतकं नीट कोण बघणार? शहाणपणाचा भारी ताठा होता मला तेव्हा.

पुढची पंधरा वर्षं मी हाणामारीचे सिनेमे काढले. आणि हो, त्यातली एक गंमत तुम्हाला सांगून ठेवतो, पुढे लागेल. सिनेमातली थप्पड खोटी असते. मारणाऱ्याचा हात गालापासून वीतभर लांबून जातो, मार खाणारा मान झटकतो आणि बाजूला कुणीतरी टाळी वाजवतं, झालं! अशा हजारो थपडा मी पाहिल्या. म्हणून मला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली. खोट्या मारात माणसाचे डोळे उघडे राहतात, कारण हात लागणार नाही हे त्याला माहीत असतं. ज्यानं खरा मार खाल्लेला असतो, त्याचे डोळे हात येण्याआधीच मिटतात. ही खूण विसरू नका. मी एकदा विसरलो होतो.

माझं कौतुक किती व्हायचं म्हणून सांगू! माझ्या छायाकाराला सगळे दादा म्हणत. हे दादा मला पोटच्या पोरासारखे जपायचे. उन्हात माझ्यावर छत्री, आणि ते स्वतः घामाघूम. मग माझ्याहून हलके, नव्या दमाचे कॅमेरे आले आणि मी मागे पडलो. अशा पडत्या काळात एक दिग्दर्शक मला शोधत आले. त्यांना मंडळी मास्तर म्हणत. मास्तर म्हणजे विलक्षण माणूस. सिनेमात गाणं नको, नट नको, रंगरंगोटी नको. "दुःख आरडाओरडा करत नाही," असं म्हणायचे, आणि ते म्हणताना स्वतःही अगदी हळू बोलायचे. त्यांना खेड्यातल्या एका दुर्लक्षित पोरीचा सिनेमा काढायचा होता. आई नाही, बाप मारतो, गाव बघतं आणि गप्प बसतं, अशी कथा. कथेतला बाप मारतो ते दिसणार मात्र नाही. दार बंद, आतून आवाज, आणि मी बाहेरून त्या बंद दाराकडे बघत राहणार. "बघणाऱ्याला काही दाखवू नका, मग त्याला सगळं दिसतं," हे मास्तरांचं सूत्र. ऐकायला झकास आहे की नाही? मलाही वाटलं होतं.

नट नको, म्हणून आम्ही एका गोठ्यावर जाऊन थडकलो. सात गाई, दुधाचे कॅन, दाराशी दगडी हौद आणि मागे भुशाची खोली. गोठ्याचा मालक आडव्या अंगाचा, हसरा माणूस. त्याच्याकडे त्याच्या भावाची पोर होती. तिची आई बाळंतपणात गेली होती, आणि बाप कामाला म्हणून गेला तो गेलाच. अकरा वर्षांची पोर, अंगानं अशी की गाव तिला काडी म्हणायचं. पहाटेपासून शेण काढायचं, कॅन घासायचे, पाणी ओढायचं. शाळेचं नाव काढलं की काका हसून म्हणायचा, "गाईंना काय कविता म्हणून दाखवायच्यात?" मास्तरांनी दोघांना पाहिलं आणि जागच्या जागी ठरवलं. पोरगी हीच, आणि तिचा बाप म्हणून हाच. सख्खा काका आहे, धरताना-ओढताना पोर बुजणार नाही, असं त्यांना वाटलं. कुंपणच शेत खातंय, हे त्या शहाण्या माणसाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यावर फिरते. माझ्या भिंगाच्या मागे एक चौकोनी खिडकी असते, तिला गेट म्हणतात. फिल्म तिथून सरकते. त्यात एखादा केस, धुळीचा कण, काहीही अडकलं तर पडद्यावर तो दोरखंडाएवढा दिसतो. म्हणून प्रत्येक शॉट झाला की छायाकार भिंग काढतो, बॅटरी मारून आत बघतो आणि ओरडतो, "गेट साफ!" मग सगळे सुटकेचा श्वास टाकतात. केस सापडला तर मात्र तोच शॉट परत. आणि मी जुना झालेलो, मित्रांनो. माझं गेट वारंवार घाण व्हायचं. आसपास भुसा, गाईंचे केस, धूळ. सांगायला लाज वाटते, पण ते तसं होतं.

बंद दाराचा शॉट तिसऱ्या दिवशी होता. भुशाच्या खोलीत आढ्याला एक पोतं टांगलं. ठरलं असं, की काका काडीला दंडाला धरून आत नेणार, दार लावणार, आणि आत दाव्यानं पोत्याला बडवणार. दावं म्हणजे गाय बांधायचा जाड दोर. काडीनं कोपऱ्यात उभं राहून फक्त ओरडायचं, मग दार उघडून बाहेर यायचं. तालीम झाली. आवाज टिपणारे गृहस्थ कानांना डबे लावून बसायचे, त्यांना आम्ही कानवाले म्हणायचो. ते म्हणाले, "ठीक आहे, पण पोतं फारच बदबद वाजतंय. जीव नाही." मास्तर काकाला म्हणाले, "थोडं मनापासून."

मी सुरू झालो. दार लागलं. मी बघत राहिलो. फळ्यांचं दार, मधली एक फळी तिरकी, खाली बोटभर फट. माझ्या पोटात आवाज उतरत नाही, चित्रच उतरतं. पण आवाज कुणाला चुकलाय? पहिला फटका बसला, दुसरा बसला. आणि ओरडणं आलंच नाही. काडीनं ओरडायचं होतं ना? ती एकदाही ओरडली नाही. नुसता दोराचा आवाज, आणि मधूनच कुणीतरी दातांतून श्वास ओढल्यासारखं काहीतरी. वीस, पंचवीस, तीस. दाराच्या फटीतून भुसा उडून बाहेर येत होता. मास्तरांनी डोळे मिटले होते आणि त्यांच्या गालावर पाणी होतं. मग दार उघडलं, काडी बाहेर आली, माझ्या समोरून चालत हौदापाशी गेली आणि ओंजळीनं पाणी प्यायली. तिला तसं सांगितलं नव्हतं.

कानवाल्यांनी डबे काढले. "काय वाजलं आज पोतं! वा! आणि पोरीनं ओरडायचं गाळलं ते तर लाखात एक." सगळ्यांनी माना डोलावल्या. काका घाम पुसत हसला. म्हणाला, "मनापासून म्हणाले ना मास्तर!"

दादांनी भिंग काढलं, बॅटरी मारली. माझ्या गेटात एक केस होता. गाईच्या शेपटीचा, तांबूस, चांगला बोटभर.

"परत घ्यावं लागेल," दादा म्हणाले.

तेव्हा मी काडीचा चेहरा पाहिला. काका तिचा दंड धरायला वळला. त्याचा हात अजून हातभर लांब होता, आणि तिचे डोळे मिटले. पंधरा वर्षं जी खूण मी शहाण्यासारखा ओळखत होतो, ती माझ्या नाकासमोर होती, आणि मी काय केलं? मी फिल्म भरून तयार झालो. दार परत लागलं. परत तीस. त्या वेळी गेट साफ निघालं.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, ही म्हण तुम्ही शाळेत 'वाक्यात उपयोग करा' म्हणून लिहिली असेल. मी तिचा उपयोग प्रत्यक्ष पाहिला. तोंड आमचं कुणाचं दाबलेलं नव्हतं. आम्ही दहा-बारा माणसं होतो, आणि आम्ही आपणहून गप्प होतो.

आमच्यात एक वहीताई होत्या. त्यांचं काम असं, की कालच्या शॉटमध्ये काय कसं होतं, ते वहीत टिपून ठेवायचं. बटण कुठलं तुटलं होतं, वेणी कुठल्या खांद्यावर होती, वळ कुठे होता. नाहीतर काल डावीकडे असलेला डाग आज उजवीकडे गेला, तर प्रेक्षक हसतील. स्वभावानं कडक बाई. पट्टी घेऊन मोजायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काडीची बाही वर केली आणि रंगारीकाकांवर उखडल्या. रंगरंगोटी नको म्हटलं तरी खोटे वळ लागतातच, ते पोरीच्या अंगावर रंगवायचं काम रंगारीकाकांचं.

"अहो, वळ डाव्या हातावर ठरला होता ना? उजव्यावर तीन कुठून आले?"

"मी कुठे काढलेत? मला वाटलं, मास्तरांनी तुम्हाला सांगून बदलले."

"मला कुणी काही सांगितलेलं नाही. पुसा ते."

रंगारीकाका ओला कापूस घेऊन पुसायला लागले. पुसेनात. "पक्का रंग लावलाय कुणीतरी," ते म्हणाले, आणि जोरात घासले. काडी उभी होती. तोंडातून ब्र नाही. शेवटी वहीताईंनी हात टेकले आणि वहीत लिहिलं, उजवा दंड, तीन, निळसर, अडीच बोटं लांब, रंगारीनं लावलेले नाहीत, कारण माहीत नाही. तारीख. वेळ. त्या दिवसापासून त्या रोज तसं लिहीत गेल्या. रंगवलेले एका बाजूला, 'कारण माहीत नाही' दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू भरत गेली, आणि त्या रोज मंडळींवर चिडत राहिल्या, की माझ्या वहीत कोण घोळ घालतंय! हसू नका. असली चूक फक्त सिनेमावालेच करू शकतात. ज्या अंगावर खोटा वळ रंगवायचा असतो, त्याच अंगावर खरा वळ कुणाला दिसत नाही.

आणि काडी? मारझोडीचे शॉट अजून बाकी होते, आणि ती दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे यायला लागली. सकाळी दादा माझं झाकण उघडून ठेवायचे, तेव्हा ती हळूच यायची. तिनं त्यांना एकदाच विचारलं होतं, "आत केस नसला, तर परत नाही ना घ्यायचं?"

दादा हसले. "नाही गं. केस नसला की एकदाच."

मग ती फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळून माझं गेट पुसायची. फुंकर मारायची, डोळा लावून बघायची, परत पुसायची. चष्मेवाल्या बाईंनंतर इतक्या हलक्या हातानं मला कुणी हाताळलं नव्हतं. मी सुखावलो. मला वाटायचं, पोरीचा माझ्यावर जीव जडलाय! माझ्याइतका गाढव कॅमेरा दुसरा नसेल. ती माझी सेवा करत नव्हती. ती मार अर्धा करत होती.

शेवटच्या आठवड्यात हौदाचा शॉट होता. कथेतला बाप पोरीचे केस धरून तिला हौदावर वाकवतो. मी हौदाच्या अगदी जवळ, आणि मला दिसणार फक्त दगडी काठ, त्यावर काडीचा तळहात, आणि काकाची पाठ. पाणी दिसणारच नाही. मास्तरांनी चार वेळा बजावलं, "तोंड पाण्यात घालायचं नाही. नुसतं वाकवायचं. आणि पोरी, काही झालं तर काठावर दोनदा थापट. की थांबलं."

त्या दिवशी सकाळी काडी माझ्याकडे यायला धावत निघाली आणि तिचा पाय भरलेल्या कॅनला लागला. गोठाभर दूध झालं. काकानं तिथल्या तिथे तिच्या पोटात लाथ घातली. ती कोलमडली, तर वेणीला धरून उभी केली. "आजपासून त्या यंत्राकडे फिरकलीस तर तंगडं मोडून ठेवीन." हे मी उघड्या झाकणातून पाहिलं. बाकी मंडळी चहा पीत होती. ती माझ्याकडे आली नाही. लांबून बघत राहिली. माझ्यात काल सांजेचा भुसा होता, आणि तिला ते माहीत होतं.

मी सुरू झालो. काकानं तिला ओढत आणलं, वाकवलं. मला काठ दिसला, तळहात दिसला. आणि त्या पाठीवरून मला कळलं. नुसतं वाकवणाऱ्या माणसाची पाठ तशी होत नाही. सगळं वजन त्या हातात गेलं होतं. पाणी उसळून काठावर आलं. काडीच्या हातानं थापटलं. एकदा, दोनदा. मग परत दोनदा. मग मोजण्यापलीकडे.

कुणीतरी पुढे झालं, तर मास्तरांनी हात वर केला. हलू नका. काडीच्या हाताकडे ते असे बघत होते, जसं उपाशी माणूस ताटाकडे बघतो. दोनदा थापटायचं, ही खूण त्यांनीच दिली होती. ते विसरले की त्यांना आठवत होतं, ते त्यांचं त्यांना माहीत. तळहात थापटायचा थांबला आणि बोटं दगडावर नुसती पसरली.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला ओरडता येत नाही. पण त्याच क्षणाला भुशाचा एक कण माझ्या गेटात आडवा बसला. फिल्म अडली. मागून येणारी फिल्म थांबेना, ती आत घड्या घालत गेली, चाकाचे दात तुटले आणि मी असा काही कर्कश खरडलो, की गाईसुद्धा दचकल्या. दादा किंचाळले, "थांबवा! अडकली! थांबवा!"

काकाचा हात सुटला. कॅमेरा बंद, म्हणजे काम संपलं, एवढं त्यालाही सवयीनं कळलं होतं. काडी काठावरून खाली चिखलात पडली. आणि आमची मंडळी धावली, कुणाकडे सांगू? माझ्याकडे! माझं झाकण उघडलं, फिल्म खेचली. मास्तर डोकं धरून बसले, "गेला, शॉट गेला." सात-आठ डोकी माझ्या पोटात वाकलेली, आणि त्यांच्या पायांमधून मला दिसत होतं, पोर चिखलात पडून पाणी ओकतेय.

एकट्या वहीताई तिकडे गेल्या. त्यासुद्धा आधी कामालाच. फ्रॉकची किती बटणं तुटली ते टिपायला. त्यांनी पोरीला कुशीवर वळवलं आणि त्यांना पाठ दिसली. पाठ कधी कुठल्या शॉटमध्ये नव्हती, म्हणून ती त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्या बघत राहिल्या. मग त्यांनी वहीचं पान उलटलं, मागचं, त्याच्या मागचं. 'कारण माहीत नाही', 'कारण माहीत नाही'.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "रंग नाहीये हा. शॉटमध्ये पोतं कधी वाजलंच नाही."

मास्तर आले. पाठ पाहिली. आणि मग, मला सांगायला जड जातंय, पण ते दादांना हळूच म्हणाले, "दुरुस्त व्हायला किती वेळ लागेल? हे घ्यायला हवं."

वहीताईंनी अंगातला कोट काढून पोरीवर टाकला. "घेऊन बघा," त्या म्हणाल्या. "आधी माझं डोकं फोडावं लागेल."

ते काम काकानं अंगावर घेतलं. "माझ्या घरची पोर आहे! मी पोसतो, मी मारीन नाहीतर कापीन!" त्यानं भरलेली बादली उचलली आणि गरकन फिरवली. वहीताई पोरीला कवटाळून खाली वाकल्या, आणि बादली पूर्ण ताकदीनं माझ्या कुशीत बसली. मी तिकाटण्यावरून उलटलो. भिंग फुटलं. हा तो पोचा. वाहतुकीतला म्हणे! दुसऱ्या फटक्याला मात्र काकाचा हात वर गेला, तो दादांनी धरला. मग कानवाल्यांनी. मग सगळ्यांनी. इतक्या दिवसांनी त्या सगळ्यांना हातपाय फुटले होते. काकाचा दात पडला, दादांचं मनगट मुरगळलं, आणि वहीताई पोरीला उचलून आमच्या गाडीतून दवाखान्यात घेऊन गेल्या. तिच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. एक जुनी होती, कधीतरी आपोआप वाकडी जुळलेली.

खटला झाला, तेव्हा चोराच्या उलट्या बोंबा. काका म्हणाला, "पोरगी नाटकी आहे. सिनेमात घेतली होती तिला. अंगावरचे सगळे वळ रंगाचे." त्याच्या वकिलांनी रंगारीकाकांची पेटीसुद्धा आणून दाखवली. मग वहीताईंनी वही काढली. दोन बाजू. रंगवलेले इतके, न रंगवलेले इतके, तारीख, वेळ, पट्टीनं मोजलेली लांबी. घोळ होऊ नये म्हणून चिडून लिहिलेलं एकेक अक्षर उभं राहिलं. तरी वकील म्हणाले, वही काय, कुणीही लिहील.

मग मास्तर उठले. ते त्या काही महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. त्यांनी फिल्मचे डबे न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवले. सगळेच्या सगळे. ते दिले की सिनेमा गेला, हे त्यांना ठाऊक होतं. कोर्टाच्या खोलीत पडदा लागला. आधी कानवाल्यांनी तालमीचा आवाज लावला. बद, बद, बद. पोतं. मग माझं चित्र सुरू झालं. बंद दार. मधली तिरकी फळी, खालची फट. आणि त्यावर दुसरा आवाज. सगळी खोली तीस फटके त्या बंद दाराकडे बघत बसली होती. मग परत तीस. कानवाले कानांवर हात ठेवून मोठ्यानं रडले. दादांनी मला हे नंतर सांगितलं. काकाला शिक्षा झाली. काडीची मावशी लांबच्या गावी होती, ती येऊन तिला घेऊन गेली. दादा म्हातारपणी एकदा इथे आले होते, तेव्हा म्हणाले, तिला आता दोन मुली आहेत, आणि अजूनही ती पाण्याकडे पाठ करून बसत नाही.

मी परत सुरू झालो नाही. बरीच वर्षं एका गोदामात ताडपत्रीखाली पडून होतो. उंदरांनी माझ्या पट्ट्यात घर केलं. मग कुणाला तरी आठवण झाली आणि मला या काचेत आणून बसवलं, 'एका अपूर्ण चित्रपटाचा कॅमेरा' म्हणून. लोक हळहळतात, अरेरे, केवढा सिनेमा राहून गेला! मला त्याचं काडीइतकं दुःख नाही. आयुष्यात मी एकच काम धड केलं, तेही मोडून.

आता जा म्हणायला हरकत नव्हती. पहारेकरी घड्याळ बघतोय. पण मी तुम्हाला उगाच इतका वेळ उभं केलेलं नाही. तुमच्यात, तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ एक मुलगी उभी आहे. एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचे कपडे घालून. मघाशी तुमच्यातल्या एकीनं तिला पुढे बोलवायला हात उचलला, नुसता उचलला, लागलासुद्धा नाही. तिचे डोळे आधीच मिटले होते. तुम्ही पाहिलं नाही. मी पाहिलं. माझं भिंग फुटलंय, तरी पाहिलं.

मित्रांनो, मला पाय तीनच, तेही लाकडाचे आणि उसने. मी तिच्यापर्यंत येऊ शकत नाही. तुम्ही तिच्या शेजारी बसता. आज सहलीच्या बसमध्ये तिच्याजवळ बसा आणि हळूच विचारा, "काय झालं गं?" ती म्हणेल, पडले. काडीही दवाखान्यात पहिल्यांदा तेच म्हणाली होती. तेवढ्यावर 'बरं' म्हणून खिडकीबाहेर बघू नका. तुमच्या बाईंना सांगा. त्यांनी ऐकलं नाही तर आणखी कुणाला सांगा. आणि तिला उद्या परत विचारा. आमच्या धंद्यात एकदा नीट जमलं नाही की परत घेतात. त्या 'परत'नं मी एका पोरीला दुप्पट मार खायला लावला. तुम्ही मात्र परत विचारा, परवाही विचारा, ती खरं बोलेपर्यंत विचारत राहा.

जा आता. ती बघा, दारापर्यंत पोचली. एकटीच आहे.